फ्यूज पुन्हा पुन्हा का उडतो?

संध्याकाळची वेळ असते. घरात दिवे लागलेले असतात. मुलं अभ्यासाला बसलेली असतात. तेवढ्यात 'फट्' असा आवाज होतो आणि अंधार पडतो. बाहेर पाहावं, तर शेजारच्या घरात दिवे चालू असतात. मग कुणीतरी म्हणतं, "आपला फ्यूज उडाला."

घरातला एक जण बॅटरी घेऊन बोर्डापाशी जातो. फ्यूजमध्ये नवी तार घालतो. दिवे लागतात. दुसऱ्या दिवशी फ्यूज पुन्हा उडतो. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मग तो वैतागतो. "ही बारीक तार टिकतच नाही," असं म्हणतो आणि जाड तार पिळून घालतो. त्यानंतर फ्यूज उडत नाही. सगळ्यांना वाटतं, काम झालं.

काम झालेलं नसतं. उलट घराला धोका निर्माण झालेला असतो. तो कसा, आणि फ्यूज वारंवार उडू लागला तर काय करावं, हे आम्ही या पाठात सांगणार आहोत.

फ्यूज म्हणजे काय?

मेन स्विचजवळ पांढऱ्या चिनी मातीचा एक तुकडा बसवलेला असतो. तो ओढला की निघतो. वायरमन त्याला किटकॅट म्हणतात. त्यात एक बारीक तार असते. घरात येणारी सगळी वीज या बारीक तारेतून जाते.

तारेतून वीज वाहू लागली की तार तापते. जाड तार कमी तापते, बारीक तार जास्त तापते. फ्यूजची तार मुद्दाम बारीक ठेवलेली असते. विजेचा भार फार वाढला की ती आधी तापते, वितळते आणि तुटते. तार तुटली की वीज बंद होते. भिंतीतल्या तारा वाचतात. घर वाचतं.

शेतकऱ्याला ही गोष्ट नवी नाही. ट्रॅक्टरला जोडायच्या काही अवजारांत एक बोल्ट मुद्दाम कच्चा ठेवलेला असतो. अवजार दगडात अडकलं की तो बोल्ट तुटतो. बोल्ट थोड्या पैशांत येतो, पण तो तुटतो म्हणून महागाचा गिअरबॉक्स वाचतो. त्या जागी कुणी पोलादी बोल्ट ठोकला, तर बोल्ट तुटणार नाही, गिअरबॉक्स तुटेल. फ्यूजचंही तसंच आहे. तो तुटण्यासाठीच असतो.

आता पुष्कळ घरांत किटकॅटऐवजी एमसीबी नावाचं बटण असतं. भार वाढला की ते आपोआप खाली पडतं. तार घालावी लागत नाही. पण त्याचं काम तेच. ते पुन्हा पुन्हा पडत असेल, तर त्याचा अर्थही तोच.

फ्यूज उडण्याची दोन कारणं

पहिलं कारण म्हणजे जास्तीचा भार. बैलगाडीत दहा पोत्यांच्या जागी वीस पोती भरावीत, तसं हे आहे. एकाच लाइनवर इस्त्री, पाणी तापवायचा रॉड आणि मिक्सर चालवला की तारेवर भार येतो.

दुसरं कारण म्हणजे शॉर्ट होणं. विजेची एक तार वीज आणते, दुसरी परत नेते. मध्ये दिवा किंवा यंत्र असतं. कुठं वायर सोलली, उंदरानं कुरतडली, आत पाणी गेलं, की दोन तारा एकमेकींना लागतात. मग वीज यंत्रातून न जाता जवळच्या वाटेनं धावते. एका क्षणात भार कितीतरी पट वाढतो.

या दोन्हींतला फरक फ्यूज पाहूनच बराचसा कळतो. फ्यूज थोड्या वेळानं गेला, आवाज झाला नाही, तार मधूनच वितळली, तर बहुधा भार जास्त झाला. बटण दाबताक्षणी 'फट्' झालं, किटकॅटवर काळा डाग पडला, तर बहुधा शॉर्ट झालं.

थोडा हिशेब करू या

प्रत्येक यंत्रावर एक पट्टी असते. तिच्यावर आकडे असतात. आता आपल्याला वाचता येतं. म्हणून ती पट्टी वाचायची सवय लावून घ्यावी. तिच्यावर 'वॅट' किंवा नुसतं इंग्रजी डब्ल्यू अक्षर असतं. त्याच्या आधीचा आकडा म्हणजे ते यंत्र किती वीज ओढतं, त्याचं माप.

फ्यूजचं माप मात्र अँपिअरमध्ये असतं. दोन्हींचा मेळ घालणं सोपं आहे. आपल्या घरात वीज २३० व्होल्टची येते. म्हणून २३० वॅटला साधारण १ अँपिअर धरावा. सर्वसाधारण यंत्रांचा हिशेब असा:

एलईडी दिवा, ९ वॅट: अगदी नगण्य.
पंखा, ७५ वॅट: एका अँपिअरचा तिसरा हिस्सा.
मिक्सर, ५०० वॅट: २ अँपिअरच्या थोडं वर.
इस्त्री, १००० वॅट: साडेचार अँपिअरच्या आत.
पाणी तापवायचा रॉड, १५०० वॅट: साडेसहा अँपिअर.

यातून एक गोष्ट ध्यानात येते. दिवे आणि पंखे फारसा भार टाकत नाहीत. जे यंत्र उष्णता देतं, ते भार टाकतं. दहा दिवे लावले तरी फ्यूज उडत नाही. रॉड आणि इस्त्री एकदम लावली, तर अकरा अँपिअर होतात. पाच अँपिअरचा फ्यूज सहा अँपिअरला लगेच उडेल असं नाही. पण भार दुपटीच्या वर गेला की तो फार वेळ तग धरत नाही.

दोष कुठं आहे, हे कसं शोधावं?

दोष एकीकडे आणि उपाय भलतीकडे, असं पुष्कळदा होतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. म्हणून क्रमानं शोधावं.

आधी मेन स्विच बंद करा. हात कोरडे करा. पायात कोरडी रबरी चप्पल घाला. ओल्या जमिनीवर उभे राहू नका. मेन स्विच बंद केला, तरी मीटरकडून येणाऱ्या तारांत वीज असतेच. त्या तारांना आणि मीटरला हात लावू नका. ते काम वीज कंपनीच्या माणसाचं आहे.

मग घरातल्या सगळ्या यंत्रांचे प्लग काढा. दिव्यांची बटणंही बंद करा. फ्यूजमध्ये योग्य मापाची नवी तार घाला. फ्यूजची तार दुकानात अँपिअर सांगून मिळते. तीच आणावी. आता मेन स्विच चालू करा.

सगळं बंद असताना फ्यूज उडाला, तर दोष घराच्या वायरिंगमध्ये आहे. इथं आपण थांबावं आणि वायरमनला बोलवावं.

फ्यूज उडाला नाही, तर एकेक बटण लावत जा. दिवा लावा, पंखा लावा. मग एक यंत्र लावा, पाहा आणि काढा. मग दुसरं लावा. ज्या यंत्राला फ्यूज उडेल, ते यंत्र दोषी. एकेकटं सगळं नीट चालतं, पण दोन मिळून लावली की फ्यूज जातो, असं दिसलं तर यंत्रांत दोष नाही. लाइनवर भार जास्त आहे. दोन्ही यंत्रं एका वेळी लावू नयेत, किंवा वायरमनकडून वेगळी जाड लाइन ओढून घ्यावी.

एक उदाहरण

समजा, एका गावात बायकांच्या बचत गटानं एस.टी. स्टँडाशेजारी नाष्ट्याचं दुकान काढलं. खाणं झटपट गरम व्हावं म्हणून त्यांनी मायक्रोवेव्ह नावाची विजेची पेटी घेतली. या पेटीत जाळ नसतो, तापलेली तारही नसते. पेटी एक प्रकारच्या लहरी सोडते. त्या लहरींनी अन्नातलं पाणी तापतं आणि अन्न गरम होतं.

ही पेटी निघाली अमेरिकेत. ती काढणाऱ्या माणसाचं नाव पर्सी स्पेन्सर. त्याचा जन्म १८९४ सालचा. बाप लहानपणीच वारला. बाराव्या वर्षाच्या सुमारास शाळा सुटली आणि तो गिरणीत कामाला लागला. पुढं आरमारात असताना रात्रीच्या पहाऱ्यावर तो पुस्तकं वाचत बसे. असा तो स्वतःच शिकला आणि मोठा यंत्रज्ञ झाला. दुसऱ्या महायुद्धात तो रडारच्या यंत्रांवर काम करत होता. १९४५ च्या सुमारास अशा यंत्राजवळ उभा असताना त्याच्या खिशातलं चॉकलेट वितळलं, असं सांगतात. त्यानं मग यंत्रापुढं मक्याचे दाणे धरले. त्यांच्या लाह्या फुटल्या! त्यातून ही पेटी तयार झाली. पहिल्या पेट्या माणसाच्या उंचीच्या होत्या. आता ती टेबलावर मावते.

तर आपल्या बचत गटानं पेटी आणली आणि मिक्सरच्या बोर्डावरच लावली. त्याच बोर्डावर चहाच्या पाण्याची विजेची किटलीही होती. सकाळी गिऱ्हाइकांची गर्दी झाली. पेटी चालू, किटली चालू. थोड्या वेळात दुकानाचा फ्यूज गेला.

आता हिशेब करा. पेटी ओढते १२०० वॅट. किटली ओढते १५०० वॅट. दोन्ही मिळून २७०० वॅट. म्हणजे पावणेबारा अँपिअर. फ्यूज पाच अँपिअरचा. तो जाणारच. इथं पेटी खराब नव्हती. वायरमननं पेटीसाठी मोठ्या पिनांचा वेगळा बोर्ड आणि जाड लाइन दिली. अर्थिंगही नीट करून दिलं. फ्यूज जायचा थांबला.

काही महिने गेले. एक दिवस पेटी एकदम बंद पडली. दुकानातले दिवे मात्र चालू होते. म्हणजे या वेळी दुकानाचा फ्यूज गेला नव्हता. पेटीच्या आत तिचा स्वतःचा एक लहानसा फ्यूज असतो, तो गेला होता. गावातल्या मिस्त्रीनं तो बदलून दिला. आठ दिवसांनी तो पुन्हा उडाला. पुन्हा बदलला, पुन्हा उडाला.

मिस्त्री म्हणाला, "मावशी, हे फ्यूज काही टिकायचे नाहीत. आत तार पिळून घालतो. पुन्हा कटकट नको."

मावशी म्हणाल्या, "नको रे बाबा. फ्यूज उडतो तर काहीतरी कारण असेल. कारण सापडल्याशिवाय तार घालू नकोस."

त्यांनी पेटी तालुक्याला नेली. तिथल्या जाणकार मिस्त्रीनं विचारलं, "मावशी, फ्यूज उडतो तो नक्की केव्हा? सुरू करताना, की दार उघडताना?"

मावशींनी गटाच्या हिशेबाची वही काढली. तिच्यात त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं: 'सोमवार. पोहे गरम केले. दार उघडलं. फट् आवाज. पेटी बंद.' पुढच्या मंगळवारीही तसंच लिहिलं होतं.

मिस्त्री म्हणाला, "दोष सापडल्यातच जमा आहे. दाराचं बटण गेलं असणार."

दाराची बटणं

दाराच्या बटणाचा आणि फ्यूजचा काय संबंध? संबंध मोठा आहे.

पेटीतल्या लहरी अन्न तापवतात. हाताचं मांस आणि डोळेही त्या तापवू शकतात. म्हणून दार उघडं असताना पेटी चालता कामा नये. यासाठी दाराच्या कडेला आत लहान लहान बटणं बसवलेली असतात. सहसा ती तीन असतात. दार उघडलं की त्यांतली बटणं वीज तोडतात. लहरी त्याच क्षणी थांबतात.

पण वीज तोडणारं बटण कधी कधी आतून चिकटून बसतं. दार उघडलं तरी वीज तुटत नाही. मग काय? त्यासाठी आणखी एक बटण राखणदार म्हणून ठेवलेलं असतं. दार उघडलं आणि वीज तुटली नाही, तर हे बटण मुद्दाम शॉर्ट करतं आणि फ्यूज उडवून देतं. म्हणजे फ्यूज उडणं हा बिघाड नसतो. ती माणसाला वाचवण्याची युक्ती असते.

पहिल्या मिस्त्रीनं फ्यूजच्या जागी तार पिळून घातली असती, तर काय झालं असतं? ही युक्तीच मोडली असती. एखाद्या दिवशी दार उघडं आणि पेटी चालू, अशी वेळ आली असती आणि वाटी काढायला कुणीतरी हात आत घातला असता. मावशींनी 'नको' म्हटलं, ते किती शहाणपणाचं होतं, हे आता कळतं.

तालुक्याच्या मिस्त्रीनं दाराची बटणं बदलली. दाराचा खटका ढिला झाला होता, तोही नीट केला. योग्य मापाचा नवा फ्यूज घातला. नंतर फ्यूज उडाला नाही.

दार उघडताना किंवा लावताना फ्यूज उडाला, तर बहुधा बटणांचा दोष असतो. पेटी सुरू करताच फ्यूज उडाला, तर आतल्या मोठ्या व्होल्टच्या भागांचा दोष असण्याचा संभव जास्त. दोन्हींची दुरुस्ती वेगळी. म्हणून फ्यूज केव्हा उडतो हे पाहावं आणि लिहून ठेवावं. मिस्त्रीला त्याचा फार उपयोग होतो.

पेटी स्वतः उघडू नका

सायकल आपण घरी खोलतो. पाण्याचा नळ घरी दुरुस्त करतो. मायक्रोवेव्हची पेटी मात्र कधीही घरी खोलू नये.

गावातली डीपी तुम्ही पाहिली आहे. ती ११,००० व्होल्टची वीज घेते आणि घरापुरती कमी करून देते. या पेटीतलं यंत्र उलटं काम करतं. ते २३० व्होल्टची वीज हजारो व्होल्टवर चढवतं. शिवाय आत कपॅसिटर नावाचा एक डबा असतो. तो वीज साठवून ठेवतो. प्लग काढला तरी त्यात वीज शिल्लक राहू शकते. तिचा धक्का जीव घेऊ शकतो. हे काम शिकलेल्या माणसाचंच आहे.

मग आपण काय करावं? बाहेरून पाहावं. वायर उंदरानं कुरतडली आहे का? प्लग काळा पडला आहे का? बोर्ड तापतो का? दार नीट बसतं का? दाराच्या कडेला तेलकट घाण साचली आहे का? साफ करण्याआधी प्लग काढावा. पेटी भिंतीला चिकटून ठेवू नये. पाली, झुरळं आणि मुंग्या आत शिरू देऊ नयेत. त्यांच्यामुळंही आत शॉर्ट होतं. रिकामी पेटी चालवू नये. स्टीलची वाटी आत ठेवू नये.

जाड तार घातली तर?

आता घराच्या फ्यूजकडे वळू. फ्यूजमध्ये जाड तार घातली, तर भार वाढल्यावर ती वितळत नाही. पण वीज तर वाहतच असते. मग तापतं कोण? भिंतीतली वायर तापते. वायरवरचं प्लास्टिक वितळतं, जळतं. माळ्यावर कडबा असेल, कपडे असतील, तर आग लागते. वीस-तीस रुपयांची तार वाचवायला जावं आणि घर गमवावं, असा हा सौदा आहे.

फ्यूज माणसाला वाचवत नाही

आणखी एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. घराचा फ्यूज घराला आगीपासून वाचवतो. विजेच्या धक्क्यापासून तो माणसाला वाचवेल, असा भरवसा धरू नये. पाच अँपिअरचा फ्यूज उडायला पाच अँपिअरहून जास्त वीज लागते. माणसाचा जीव जायला अँपिअरचा दहावा भाग पुरतो. फ्यूज उडायच्या कितीतरी आधी माणूस जातो.

माणसाला वाचवायला दुसरं यंत्र मिळतं. त्याला आरसीसीबी म्हणतात. वीज अंगातून किंवा पत्र्यातून जमिनीत जाऊ लागली की ते एका निमिषात वीज तोडतं. घरासाठी ३० मिलिअँपिअरचं घ्यावं. फ्यूज किंवा एमसीबी असला तरी हे वेगळं लागतंच. सोबत अर्थिंग नीट असावं.

कुणाला धक्का बसलाच, तर त्या माणसाला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा. मेन स्विच लांब असेल, तर कोरड्या लाकडानं त्याला तारेपासून दूर करा. खांबावरची किंवा शेतात पडलेली तार असेल, तर जवळही जाऊ नका. १९१२ या क्रमांकावर वीज कंपनीला फोन करा.

लक्षात ठेवा

१. फ्यूज उडाला म्हणजे कुठंतरी दोष आहे. आधी दोष शोधा, मग तार घाला.
२. फ्यूजमध्ये योग्य मापाचीच तार घाला. तारा पिळून घालू नका.
३. उष्णता देणारी दोन यंत्रं एका बोर्डावर एकदम लावू नका.
४. सगळं बंद करा आणि एकेक लावून पाहा. दोषी यंत्र सापडतं.
५. फ्यूज कोणत्या वेळी, काय करताना उडाला, ते वहीत लिहा.
६. मायक्रोवेव्हची पेटी घरी खोलू नका. तिच्या दाराची बटणं कुणालाही बांधून टाकू देऊ नका.

सांगा पाहू

१. तुमच्या घरातल्या फ्यूजमध्ये आज कोणती तार आहे? ती कुणी घातली? वायरमनला विचारून खात्री करा.
२. तुमच्या घरातल्या तीन यंत्रांवरच्या पट्ट्या वाचा. त्यांवरचे वॅट लिहून काढा आणि बेरीज करा. किती अँपिअर होतात?
३. मावशींनी वहीत लिहून ठेवलं नसतं, तर मिस्त्रीला दोष शोधायला काय अडचण आली असती?